पडवीचा एफएसआय

जुन्या पेठेतलं पडायला आलेलं घर उतरवायचं, रस्त्याला लागून दुकानगाळे काढायचे, वरचे दोन मजले आतल्या जिन्याने जोडून एकेका कुटुंबाला विकायचे आणि त्यातल्या वरच्याला मोकळी गच्ची देऊन ‘टेरेस ड्युप्लेक्स’ म्हणायचं, ही रीत मुंबई-पुण्यात रुळली, नाशिकच्या जुन्या गावात पोचली आणि आता महामार्गावरच्या बाजारगावांच्या दारात येऊन उभी आहे. घोटी हे त्यातलंच एक गाव. या रीतीवर नाकं मुरडण्याचं कारण नाही. गावाबाहेर शेत बिनशेती करून बंगल्यांच्या रांगा उठवण्यापेक्षा पेठेतच, पिढीजात जागेवर, चालत बाजार करता येईल अशा अंतरावर दुमजली घर मिळत असेल तर ते चांगलंच. बिघडतं ते गच्चीपाशी. घोटीच्या हवेत आभाळाकडे उघडी असलेली जागा वर्षातले चार महिने निरुपयोगी असते आणि बाकीचे आठ महिने पुढच्या पावसाची धास्ती घालत बसते. इथल्या घराला लागते ती वर छप्पर असलेली आणि एका बाजूने मोकळी जागा, म्हणजे ओटा, पडवी, सज्जा. आपले बांधकामाचे नियम मात्र पहिल्या प्रकाराला मोकळं सोडतात आणि दुसऱ्याचा हिशेब लावतात. जुन्या पेठांचं रूप बिघडण्यामागे बिल्डरच्या हावेइतकाच या हिशेबाचाही हात आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी पावसाचं बघू. इगतपुरीत वर्षाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. तिथून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिक शहरात ती सातशेच्या आसपास उतरते. घोटी या दोहोंच्या मधे, पण इगतपुरीच्या अंगाला, जेमतेम दहा किलोमीटरवर. पूर्वेला सरकावं तसा पाऊस झपाट्याने ओसरतो, म्हणून घोटीत इगतपुरीपेक्षा कमी धरू. तरी तो नाशिकपेक्षा कितीतरी जास्त आहेच. भात इथे पिकतो तो त्यामुळे, आणि घोटीच्या भातगिरण्या चालतात त्याही त्यामुळे. १९१६ साली पुरं झालेलं दारणा धरण, नंतरची मुकणे आणि भावली ही धरणं, सगळी याच इगतपुरी तालुक्यातल्या पाण्यावर भरतात. आणि हा पाऊस सरळ पडत नाही. घाटातून वारा वर येतो, त्याच्याबरोबर झड येते, आडवी, भिंतीवर आपटणारी. म्हणून या भागात जुन्या घरांचे वळचणीचे पाखे लांब, ओटे जमिनीपासून उंच, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेच्या बाजूला ताटी नाहीतर ताडपत्री बांधायची वहिवाट.

पेठेतल्या घराची मांडणी महाराष्ट्राच्या बाजारगावांत थोड्याफार फरकाने सारखीच दिसते. रस्त्याला ओटा, ओट्यामागे दुकान किंवा पेढी, त्यामागे माजघर आणि स्वयंपाकघर, मागे परसू. बाजूच्या अरुंद जिन्याने वर माडी आणि तिच्यावर कौलांखालचा माळा. रुंदी कमी, खोली भरपूर. दोन घरांत सामाईक भिंत किंवा माणूस जेमतेम आडवा जाईल एवढा बोळ. खाली धंदा, वर बिऱ्हाड. आज ज्याला ड्युप्लेक्स म्हणून वेगळी किंमत लावली जाते ती वस्तू पेठेने पिढ्यानपिढ्या वापरलेली आहे. देशावरच्या वाड्यात मोकळी जागा मधोमध, चौकात असे. नाशिकच्या सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा हे त्याचं सहज बघता येण्यासारखं उदाहरण. सातशे मिलिमीटरच्या गावात तो चौक शोभतो, उन्हाळ्यात घर थंड ठेवतो, पावसाळ्यात चार दिवस ओला राहून वाळतो. घाटमाथ्याकडे सरकलं की चौकाचा मान कमी होतो आणि पडवीचा वाढतो. इथे जुलैत कपडे वाळत घालायचे कुठे, ओल्या चपला-छत्र्या काढायच्या कुठे, सरपण आणि शेतातून आलेला माल टेकवायचा कुठे, या सगळ्यांना एकच उत्तर होतं. भिजणार नाही पण कोंदणारही नाही अशी जागा.

आता गच्चीचं गणित करू. वीस चौरस मीटरची, म्हणजे साधारण सव्वादोनशे चौरस फुटांची गच्ची घ्या आणि घोटीचा पाऊस हात राखून दोन हजार मिलिमीटर धरा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी टाकतो. म्हणजे हंगामात या गच्चीवर चाळीस हजार लिटर पाणी पडणार, दहा हजारी चार टँकर ओतल्यासारखं, आणि ते बहुतेक वेळा कोपऱ्यातल्या एक-दोन पाइपांतून खाली जायला हवं. ते जातं की नाही हे चार-पाच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर ठरतं. स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा करताना विटांचे तुकडे नीट भिजवले होते का, कोब्याला पाइपाकडे खरोखर उतार आहे का, कठड्याच्या मुळाशी वाता गोलसर फिरवून वर चढवला आहे का, आणि खोलीतून गच्चीवर उघडणाऱ्या दाराचा उंबरा गच्चीच्या फरशीपेक्षा किती वर आहे. शेवटची बाब सगळ्यात जास्त हुकते. खोली आणि गच्ची एका पातळीत असली की घर मोठं दिसतं, म्हणून उंबरा दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवतात. एका पाइपात पालापाचोळा अडकला, तासभर झड लागली, की पाणी गादीखाली. मग दुसऱ्या उन्हाळ्यात लोखंडी अँगल येतात, त्यांवर पत्र्याची शेड चढते, बाजूला हिरवी जाळी किंवा ताडपत्री. गच्ची होते पडवी, फक्त परवानगीवाचून, वाऱ्याला तोलण्याचा कसलाही हिशेब न करता, आणि रस्त्यावरून बघवत नाही अशी. कोकणात आणि घाटमाथ्यावर कोणत्याही गावात वर मान करून पाहावं. बऱ्याच सिमेंटच्या घरांनी डोक्यावर पत्र्याचं दुसरं छप्पर चढवलेलं दिसेल. लोकांनी दिलेला कौल आहे तो.

तरी गच्च्याच का बांधल्या जातात? याचं उत्तर नियमावलीत आहे. मुंबई आणि आणखी काही मोजके अपवाद वगळता राज्यभर लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्या आधी वेगवेगळ्या शहरांत बाल्कनीला ठराविक मर्यादेपर्यंत चटई क्षेत्रातून सूट असे, आणि अधिमूल्य भरून ती बंदिस्त करून खोलीत घेण्याची सोयही असे. तिचा परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे. नकाशावर बाल्कनी, प्रत्यक्षात बेडरूमचा वाढीव कोपरा. नव्या नियमावलीने हा खेळ बंद केला. मजल्याची बाहेरची कड धरायची, जिला पी-लाइन म्हणतात, आणि तिच्या आत येईल ते सगळं एफएसआयमध्ये, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकात, मोजायचं. उघडी बाल्कनीसुद्धा, आणि दोन मजले उंचीची छपराखालची गच्चीसुद्धा. त्याबदल्यात निवासी बांधकामाला साठ टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय अधिमूल्य भरून मिळतो. आभाळाकडे उघडी असलेली गच्ची मात्र या मोजणीबाहेर. हिशेब सुटसुटीत झाला, पळवाटा मिटल्या, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर शहर नियोजन करणाऱ्यांच्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं. पण बांधणाऱ्याच्या कागदावर याचा अर्थ असा होतो की आठ चौरस मीटरची पडवी काढली तर आठ चौरस मीटरची खोली गेली, आणि वीस चौरस मीटरची उघडी गच्ची काढली तर काहीच गेलं नाही. पेठेतल्या दीड-दोनशे चौरस मीटरच्या प्लॉटवर कोण पडवी काढेल?

पूरक एफएसआय आहेच की, त्यातून पडवी काढावी, असं यावर कुणी म्हणेल. नियमाच्या अक्षराप्रमाणे ते शक्य आहे. पण तो एफएसआय अमुकच वापराला बांधलेला नाही. बाल्कनीला वापरा नाहीतर मोठ्या हॉलला. ज्याचे पैसे मोजायचे आणि जो कशालाही चालतो, तो विकाऊ खोलीकडेच जाणार. राज्याने एकच मोजपट्टी ठेवली त्यात सोय आहे, पण त्या मोजपट्टीला सोलापूर आणि इगतपुरी सारखेच दिसतात. सोलापुरात उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर अंथरूण टाकून झोपतात. तिथे उघडी गच्ची हीच खरी मोकळी जागा आहे, आणि तिला दिलेली सूट अगदी योग्य आहे.

दुसरा गुंता मालकीचा. स्वतंत्र गच्ची म्हणजे गच्ची माझी, असं घेणारा समजतो. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७० सालचा आहे, आणि त्यात पाया, खांब, मुख्य भिंती यांच्याबरोबर छतही सामाईक क्षेत्रात धरलं आहे. काही गाळेधारकांपुरतीच राखून ठेवलेली जागा असेल तर तिला मर्यादित सामाईक क्षेत्र म्हणतात. ती त्यांच्या वापराची असते, आणि तरीही सामाईक असते. तसं राखून ठेवणं डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे अपार्टमेंटच्या घोषणापत्रात, स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईच्या खटल्यात स्टिल्टमधलं पार्किंग वेगळा गाळा म्हणून विकता येत नाही असा निकाल दिला. बिल्डर फ्लॅट विकू शकतो, इमारतीच्या सामाईक जागा नव्हे, हे त्यामागचं सूत्र. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या करताना स्वतंत्र बाल्कनी, व्हरांडा आणि स्वतंत्र उघडी गच्ची, तिन्ही कार्पेटबाहेर ठेवली. म्हणजे गच्चीचे पैसे घ्यायचे तर ते दरात मुरवून घ्यायचे किंवा वेगळे लिहायचे, आणि घेणाऱ्याला नेमकं काय मिळालं हे बहुधा एका वाक्यावर लटकत राहतं. मागे सरकवून बांधलेल्या मजल्याची गच्ची ही खालच्या कुणाच्या तरी खोलीचं छत असते. ती गळली तर कोबा कुणी उखडायचा? गच्ची वापरणाऱ्याने, ज्याच्या पलंगावर थेंब पडतात त्याने, की सगळ्यांनी मिळून? जुन्या घरात एक कुटुंब, एक छप्पर आणि दर मे महिन्यात कौलं चाळायला येणारा एक गडी असे. इथे तीन भाऊ, दोन दुकानदार आणि एक मुंबईचा खरेदीदार असतात.

बाजारगावात त्यात आणखी भर पडते. रेरा कायद्यानुसार पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा आठपर्यंत गाळ्यांचा प्रकल्प नोंदवण्याची सक्ती नाही. पेठेतले प्लॉट बहुतेक या मापात बसतात. त्यामुळे महारेराच्या संकेतस्थळावर ज्या गोष्टी घरबसल्या तपासता येतात त्या इथे नाहीत. बिल्डरच्या शब्दावर आणि वकिलाच्या चिकाटीवर भिस्त. गावठाणातली जुनी मिळकत सातबाऱ्यावर नसते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा असतो, मालकीचा पुरावा म्हणून त्याला मर्यादा आहेत. २०२० च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देण्याचं काम सुरू झालं, ते मोलाचं आहे. पण ड्रोनला छप्पर दिसतं. छपरापुढचा ओटा रस्त्याचा की घराचा, बोळावर वहिवाट कुणाची, परसातल्या आडावर किती घरांचा हक्क, हे वरून दिसत नाही, आणि पिढ्यांची समजूत एकदा रेषेत बसवली की ती एका बाजूला पडतेच. पुनर्विकासात सगळ्यात आधी जातो तो ओटा, कारण तो कुणाच्याच कागदावर धडपणे नसतो.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार: ओटा-पडवीचे गोडवे गाणाऱ्यांनी जुनं घर कधी आतून पाहिलंय का? माजघरात दिवसा दिवा लावावा लागे, संडास परसाच्या टोकाला, जिना चढताना म्हाताऱ्या माणसाचे गुडघे फुटत. आणि ओट्यावर कुणी बसायचं, कुणी पायरीपाशीच थांबायचं, कुणी अंगणातून हाक मारायची, हे जातीने ठरलेलं असे. घरातल्या बायकांना पुढचा ओटा मोकळा नसे. त्यांची जागा मागची पडवी. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच जुनं घर जसंच्या तसं जपा असं इथे म्हटलेलं नाही. मोडकळीला आलेलं घर उतरवलंच पाहिजे. नाशिकच्या जुन्या गावात पावसाळ्यात वाडा कोसळल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात, आणि भाडेकरू-मालकांच्या वादात अडकलेला तो वाडा माणसांच्या अंगावर येतो. ओट्यावरची उतरंड ही समाजाची होती. ती मोडायला ओटा मोडावा लागत नाही. उलट तोंडाशी लोखंडी दरवाजा आणि वर सीसीटीव्ही लावलेल्या जिन्यात तर कुणालाच बसायची सोय नाही. उजेड, हवा, आतला संडास, रुंद जिना हे सगळं नव्या बांधकामाने दिलं आणि ते राहावंच. पडवी त्याच्या आड येत नाही.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. रस्त्याकडे तोंड करून बसायला आता कुणाला आवडतं, लोकांना आपली गच्ची हवी, जिथे शेजारी दिसणार नाही. यात तथ्य आहे, विशेषतः तरुण जोडप्यांच्या बाबतीत. पण पडवी रस्त्याकडेच असली पाहिजे असं कुठे आहे? मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर, तीन बाजूंनी भिंती आणि वर पक्कं छप्पर असलेली दोन मीटरची पट्टी कुठल्याही गच्चीपेक्षा अधिक झाकलेली असते. आणि पेठेत राहायला येणाऱ्याने शेजारी अजिबात दिसू नयेत असं म्हणणं थोडं गमतीचंच. तेवढंच हवं असेल तर महामार्गापलीकडे प्लॉट मिळतात. तिसरा आक्षेप येतो तो सौर पॅनेल, पाण्याची टाकी, पापड-कुरडयांचं वाळवण यांच्याकडून. ही कामं गच्चीशिवाय कशी होणार? ती सगळ्यात वरच्या सामाईक गच्चीवर उत्तम होतात, आणि ती गच्ची कुणा एकाला जोडून न टाकण्याचं हेच तर कारण आहे. पाण्याच्या टाकीपर्यंत जायला दुसऱ्याच्या बेडरूममधून वाट असलेल्या इमारती शहरांत कमी नाहीत.

अशी घरं दुसरीकडे कशी टिकली हे पाहायला लांब जायची गरज नाही. मुंबईत गिरगावातल्या खोताच्या वाडीत लाकडी, उतरत्या छपरांची दुमजली घरं आहेत, आणि त्यांचा पुढचा व्हरांडा थेट गल्लीवर उघडतो. मुंबईचा पाऊसही मुबलक, तरी त्या व्हरांड्यांत खुर्ची बारा महिने टाकता येते. वाडीतली अनेक घरं गेली, भोवती टॉवर उभे राहिले. जी उरली ती वारसा म्हणून नावाजली जातात, पण ती राहण्याजोगी राहिली त्यात त्या छपराखालच्या पट्टीचा वाटा मोठा आहे. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची एकोणिसाव्या शतकातली रांगेतली घरं विभागली जातात तेव्हा खालचे दोन मजले मागच्या अंगणासह एकाकडे जाणं, हा तिथला ठरलेला प्रकार. मोकळी जागा जमिनीवर, आणि पुढच्या उंच दगडी पायऱ्या बसायच्या. तिथे बर्फ पडतो, इथे झड येते. उघडी जागा कुठे आणि किती ठेवायची हे हवामानावरून ठरायला हवं, एवढाच मुद्दा त्यातून घ्यायचा.

घोटीवर आता वेगळाच दाब येतो आहे. समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा भाग मे २०२३ मध्ये खुला झाला, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. भरवीर घोटीच्या शेजारातलं. मुंबई-आग्रा महामार्ग आणि १८६५ साली घाटातून सुरू झालेली रेल्वे आधीपासून आहेतच; सिन्नर, त्र्यंबक आणि भंडारदऱ्याकडचे रस्ते इथून फुटतात, कळसूबाईला जाणारे इथूनच वळतात. त्यामुळे पेठेतल्या जागेला भाव देणारा खरेदीदार आता भातगिरणीवाल्याचा मुलगा असेलच असं नाही. तो पावसाळी सहलीला येणाराही असू शकतो, आणि त्याला गच्चीवरून ढग पाहायचे असतात. दोन शनिवार-रविवार ढग पाहून झाले की तो दार लावून जातो. गळती मात्र खालच्याकडे राहते.

यावर उपाय फार मोठा नाही. नियमावलीत ठिकाणानुसार वेगळं वागवण्याला जागा आहे. दाट वस्तीच्या गावठाणांसाठी सामासिक अंतरांचे वेगळे निकष आजही आहेतच. त्याच धर्तीवर अतिपावसाच्या तालुक्यांसाठी एक तरतूद करता येईल: वर पक्कं छप्पर असलेली, किमान एक लांब बाजू पूर्ण मोकळी असलेली पडवी ठराविक रुंदीपर्यंत पी-लाइनच्या मोजणीतून वगळायची. ती बंदिस्त केली जाईल, ही भीती खरी आहे. बाल्कनीचा इतिहास समोर आहे. म्हणून अधिमूल्य भरून बंदिस्त करण्याची वाट कायमची बंद ठेवायची, आणि भोगवटा प्रमाणपत्रासोबतच्या नकाशावर पडवी वेगळ्या रंगात दाखवून ती अपार्टमेंटच्या घोषणापत्रात मर्यादित सामाईक क्षेत्र म्हणून नोंदवायची, म्हणजे ती भिंतीत घ्यायची तर शेजाऱ्याच्या हक्काला हात लागेल. शेजारी जितकं काटेकोर लक्ष ठेवतो तितकं कुठल्याही कार्यालयाचा निरीक्षक ठेवत नाही. उघड्या गच्चीला याच तालुक्यांत सूट द्यायची तर ती सगळ्यात वरच्या, सर्वांना जिना असलेल्या गच्चीलाच द्यावी. रुंदीचा आकडा मात्र मुंबईत बसून ठरवू नये. दीड मीटर कागदावर पुरेसा वाटतो. घोटीत जुलैची झड दीड मीटर ओलांडून आतल्या भिंतीपर्यंत येते, आणि दोन मीटरच्या खाली सूट दिली तर लोक पुन्हा ताडपत्रीच बांधतील.